तांबड्या पट्ट्याचा पतंग

सगुण गावसाचा उजवा हात ट्रकच्या चाकाखाली गेला, तेव्हा कृष्णनाथ मास्तर वीस पावलांवर किंदळीच्या झुडपापाशी उभे होते. त्यांच्या मुठीत काचेची नळी होती आणि नळीत तांदळाच्या कणीएवढा एक पतंग होता.

सोमवार होता. केळगाळच्या माणसांनी खाणीचा रस्ता अडवून तीन दिवस झाले होते. साडेनऊच्या सुमारास अकरा ट्रक एकामागोमाग येऊन उभे राहिले, आणि हॉर्न वाजवून कोणी उठत नाही म्हटल्यावर दांडे घेतलेली माणसं खाली उतरली. त्यांनी बसलेल्यांना पाय धरून ओढायला सुरुवात केली. म्हाताऱ्या भिकाजीला ओढताना त्याचं डोकं दगडावर आपटलं. सगुणनं पहिल्या ट्रकच्या पुढच्या लोखंडी पट्टीला दोन्ही हातांनी मिठी मारली होती. त्याच्या पाठीत दांडे बसत होते, आणि प्रत्येक दांड्याला तो एकच शिवी देत होता. मग ड्रायव्हरनं गाडी पुढं घेतली. सगुणचा एक हात सुटला आणि तो खाली गेला.

ओला बांबू मोडावा तसा आवाज झाला. तांबड्या रस्त्यावर रक्त दिसतच नव्हतं. माती तेवढी ओली झालेली दिसत होती. सगुणची बायको पद्मावती हिनं दोन्ही हातांनी एक दगड उचलला आणि ट्रकच्या काचेत घातला. ड्रायव्हर दुसऱ्या दारातून उडी मारून रानात पळाला. चौघांनी सगुणला उचललं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण किंदळीपाशी उभे असलेले मास्तर त्याला दिसले.

"मास्तर!" तो ओरडला. "शुक्रवारी तुमी सांगा! तुमच्या पतंगाचा सांगा!"

मास्तरांची मूठ आवळली गेली. नळी फुटली, काच तळव्यात रुतली, आणि उघडून पाहिलं तर पतंगाच्या जागी रुपेरी बुक्का उरला होता.

शुक्रवारी गावच्या शाळेत सुनावणी होती. पणजीहून सरकारी साहेब येणार होते. देवचाराच्या रायीचा, म्हणजे गावच्या देवराईचा, डोंगरही चालू खाणीला द्यायचा की नाही, यावर लोकांचं म्हणणं ते ऐकणार होते. रायीच्या पायथ्याशी झर होती आणि त्या झरीवर केळगाळची सारी कुळागरं, माडा-पोफळींच्या बागा, जगत होती. पाण्याबद्दल गावानं तीन अर्ज केले होते. तिन्हींना एकच उत्तर आलं, की तज्ज्ञांच्या अहवालानुसार पाण्याला धोका नाही. मग पतंगाची बातमी आली, आणि गावानं पाणी सोडून पतंग धरला.

कृष्णनाथ मास्तर मूळचे पेडण्यातल्या इब्रामपूरचे. केळगाळच्या हायस्कुलात तीस वर्षं विज्ञान शिकवून ते निवृत्त झाले आणि तिथंच राहिले. चारचौघांत बोलायची वेळ आली की त्यांच्या घशाला कोरड पडे. त्यांना बारीक पतंगांचा नाद होता. किंदळीच्या पानाच्या दोन पापुद्र्यांच्या मध्ये एक अळी राहते, पान आतून पोखरत नागमोडी वाट काढते, आणि तिचाच पुढं हा पतंग होतो. असले पतंग साध्या डोळ्यांना सगळे सारखेच, रुपेरी पांढरे. पण रायीच्या डोंगरावर सापडणाऱ्या पतंगाच्या पंखाच्या टोकाला तांब्याच्या रंगाचा एक पट्टा होता. तसा पट्टा असलेला एकही वंश मास्तरांच्या पुस्तकांत नव्हता. त्यांनी आठ महिने धीर गोळा केला आणि पट्ट्याचं चित्र काढून दूरच्या एका संग्रहालयातल्या जाणत्या माणसाला पाठवलं. उत्तर दोन वाक्यांचं आलं. हा नव्या वंशाचा असू शकेल. मात्र पंखांच्या शिरा आणि नराचे अवयव तपासल्याशिवाय काही म्हणता येणार नाही.

दुसरं वाक्य मास्तरांनी वीस वेळा वाचलं. गावानं पहिलंच वाचलं. पणजीच्या एका वर्तमानपत्रानं 'डिचोलीच्या डोंगरावर जगात कुठेही नसलेला पतंग' असा मथळा दिला, आणि सगुणनं त्याच्या पन्नास झेरॉक्स काढल्या. मास्तर ज्याला त्याला "असू शकेल, असू शकेल" म्हणत राहिले. ते इतक्या हळू म्हणत, की समोरचा मान डोलवून पुढं जाई.

मंगळवारी सकाळी पोदेर पाव घेऊन आला आणि बातमीही घेऊन आला. म्हापशाच्या इस्पितळात सगुणचा हात कोपराखाली कापला होता.

मास्तर आतल्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. शिरा तपासायच्या म्हणजे पंख उपटायचा, त्यावरचे खवले झाडायचे; नमुना कायमचा जातो. नराचे अवयव पाहायचे म्हणजे पोट तोडून कॉस्टिक सोड्यात उकळायचं. मास्तरांकडं नर सातच होते. हात थरथरतो, चूक होईल, उद्या करू, असं म्हणत त्यांनी वर्षभर ते काम टाळलं होतं. आता या पतंगापायी एका माणसाचा हात गेला होता. आणखी टाळणं त्यांना शक्य झालं नाही.

त्यांनी पहिल्या नराचा उजवा पंख उपटला, काचेच्या वाटीत स्पिरिट घेऊन त्यात बुडवला आणि बारीक कुंचल्यानं खवले झाडायला लागले. रुपेरी खवले सुटून तरंगले. तांबडा पट्टा मात्र तरंगला नाही. तो विरघळल्यासारखा सुटला आणि वाटीच्या तळाशी जाऊन बसला.

मास्तरांनी तो गाळ बोटावर घेतला आणि चोळला. ओळखीचाच रंग होता. त्यांच्या रुमालाला तोच रंग होता. त्यांची बायको विनोदिनीबाई रोज सकाळी जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, फळीवरून फडक्यानं पुसत तोही तोच. खाणीच्या ट्रकांमागून उडणारी लोखंडाची तांबडी धूळ किंदळीच्या पानांवर बोटभर बसलेली असे. कोषातून निघालेला पतंग ओले पंख त्या पानावर घासत चढे. पंखाची टोकं तेवढी माखत. वर्षभर त्यांनी जो वंश मांडला होता, तो खाणीनं रंगवलेला होता.

तरी त्यांनी सातही नरांची पोटं फाडली. मग फेब्रुवारीत बहीण शालिनीच्या परसातून, इब्रामपूरच्या किंदळीवरून आणलेले साधे रुपेरी पतंग काढले आणि त्यांचीही पोटं फाडली. सूक्ष्मदर्शकाखाली एकाशेजारी एक ठेवून पाहिलं. शिरा त्याच, अवयव तेच. हा पतंग पेडण्यात होता, डिचोलीत होता, आणि किंदळ असेल तिथं सगळीकडं असणार होता.

"जेवूक येतल्यात, की त्या किड्यांकच भरवतल्यात?" विनोदिनीबाई दाराबाहेरून म्हणाल्या.

मास्तरांनी दार उघडलं. त्यांचा चेहरा पाहून बाई आत आल्या.

"कोण मेलो?"

"पतंग मेलो," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी सारं सांगितलं.

बाईंनी वाटीतल्या गाळात बोट बुडवलं. "म्हणजे ही आमच्या जनेलावरची धूळ?"

"होय."

"आनी त्या धुळीपायी सगुणान हात दिलो."

"माझ्या चुकीपायी."

"आता शुक्रवारी काय सांगतल्यात?"

"म्हायत नाय गो."

"तुमका कधी म्हायत असता?" बाई म्हणाल्या, पण त्यात धार नव्हती. "कोणाकय सांगू नकात. पयलो सगुणाक सांगा. त्येचो मान पयलो."

बुधवारी सकाळी मास्तर म्हापशाला जायला निघाले. डिचोलीच्या बसस्टँडवर दोन बस त्यांनी सोडल्या. तिसरीत चढले, आणि बस हलायच्या आत उतरले. दुपारी ते घरी परतले तेव्हा अंगणात मोटारसायकल उभी होती.

जयराम आणि आणखी दोघं ओसरीवर बसले होते. जयरामचे चार ट्रक खाणीवर होते, आणि ट्रकवाल्यांच्या संघटनेचा तो पुढारी होता. वीस वर्षांपूर्वी तो मास्तरांच्या वर्गात मागच्या बाकावर बसायचा.

"नमस्कार करतंय, सर," तो उठून म्हणाला. "बाय खंय?"

"न्हंयर गेली आसतली. कपडे घेवन."

"बरा झाला."

त्यानं मास्तरांना दंडाला धरून आतल्या खोलीत नेलं आणि मेजासमोरच्या खुर्चीवर बसवलं. मग खिशातून टाईप केलेला एक कागद काढून पुढं ठेवला. मास्तरांनी चष्मा लावून वाचला. एकच वाक्य होतं: सदर पतंग सर्वत्र आढळतो, त्यात नवीन असे काही नाही. खाली मास्तरांचं नाव होतं आणि सहीसाठी जागा सोडलेली होती.

मास्तरांनी ते वाक्य पुन्हा वाचलं. त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

"सही करा, आमी गेलों," जयराम म्हणाला.

"ही सही माका करूक येवची नाय."

"कित्याक? खोटा आसा?"

मास्तरांनी कागद मागं सारला.

जयरामनं त्यांच्या तोंडात मारली. चष्मा उडून भिंतीवर आदळला. दुसऱ्यानं भिंतीलगतच्या लाकडी पेट्या एकेक करून खाली ओढल्या. पेटीत टाचलेले पतंग इतके बारीक होते, की जमिनीवर सांडल्यावर कोणाला काही सांडलंय असं वाटलंही नसतं. तो बुटांनी ते रगडत फिरला. तीस वर्षांचं काम पाच मिनिटांत त्याच्या तळव्यांना लागलं. मास्तर उठायला गेले तर तिसऱ्यानं त्यांच्या पोटात गुडघा घातला. ते मेजावर कोसळले आणि त्यांना ओकारी आली.

"सर, नववीत तुमी आमका बेडूक फाडूक शिकयलात," जयराम म्हणाला. त्यानं त्यांचा उजवा हात मेजावर पसरून मनगटावर दाबून धरला. "पयले त्येचे पाय ताणून टाचणी मारूची. आठवतां? शिकयलेला मी विसरूक नाय. ए, रांदपाच्या कुडीतलो बत्तो हाड रे."

खलबत्त्यातला लोखंडी बत्ता आला.

"सही."

"जयराम, आयक," मास्तर म्हणाले. तोंडातलं रक्त हनुवटीवरून मेजावर गळत होतं. "टाचणीर दोन चिठये आसतत. एकीर खंय गावलो ता, आनी दुसरेर ओळख कोणी केल्यान ता. ज्येणी ओळखलो त्येचा नाव. चूक झाली तर ती त्येचीच चूक. ही ओळख तू लिवन हाडलंस. तुजे ओळखीखाली माझा नाव मी कसा घालू?"

"पिसो झालो म्हातारो," तिसरा म्हणाला.

बत्ता खाली आला. तर्जनी मोडली. मास्तरांच्या तोंडून निघालेला आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. कुणीतरी डुकराला धरलंय असं वाटलं.

"सही."

मास्तरांनी मान हलवली. ते धीराचे नव्हते. त्यांना लघवी झाली होती आणि ती खुर्चीखाली पसरत होती. सही करावी असं त्यांना मनापासून वाटत होतं, नुसतं वाटतच नव्हतं, तर त्यांनी डावा हात पेनाकडं न्यायलाही सुरुवात केली होती. पण कागदावर नजर गेली की ते वाक्य दिसे. ते खरं होतं, आणि ते असं, मुताच्या थारोळ्यात बसून, दुसऱ्यानं सांगितल्यावरून खरं करायचं होतं. तेवढं त्यांच्यानं होईना. डावा हात पेनापाशी जाऊन थांबला.

दुसऱ्यांदा बत्ता पडला. मधलं बोट गेलं.

विनोदिनीबाई नदीवरून परतल्या त्या मागच्या दारानं. त्यांनी कपड्यांची बादली खाली ठेवली, दाराआडचा कोयता घेतला आणि आत येऊन बत्ता धरलेल्या माणसाच्या खांद्यावर घातला. कोयता हाडाला लागल्याचा आवाज झाला. माणूस किंचाळत मेजावर आडवा पडला. बाईंनी कोयता खेचून काढला आणि दुसऱ्यांदा उचलला तेव्हा जयराम जनेलाला चिकटला होता.

"बाय, मी जयराम! तुमच्या हातचा जेवलेलो!"

"म्हणान आधी तुजा मुंडका उडयतंय," बाई म्हणाल्या.

तिघं पळाले. रक्ताची माळ अंगणातून मोटारसायकलीपर्यंत गेली.

शुक्रवारी शाळेच्या अंगणात चारशे माणसं होती. एका बाजूला ट्रकवाले आणि खाणीवरचे कामगार, दुसऱ्या बाजूला केळगाळ. मध्ये दोन हवालदार. सगुण इस्पितळातून हट्टानं आला होता. त्याच्या अंगात ताप होता, आणि कापलेल्या हाताचं बँडेज गळ्यात बांधलेल्या पंच्यात ठेवलेलं होतं. मास्तर त्याच्यापाशी जायला निघाले. पण माणसांनी वाट करून त्यांना थेट साहेबांच्या टेबलापुढं नेलं. मोडलेल्या बोटांना बांधलेल्या बांबूच्या खपच्या सगळ्यांना दिसत होत्या. सुजलेला चेहरा दिसत होता. केळगाळनं टाळ्या वाजवल्या. जयरामची मान खाली होती.

"तुमचा पतंग नवीन आहे, असं अर्जात म्हटलंय," साहेब म्हणाले. "बोला."

मास्तरांनी सगुणकडं पाहिलं. सगुण हसला आणि त्यानं डाव्या हातानं 'बोला' अशी खूण केली.

"नवीन नाही," मास्तर म्हणाले.

"मोठ्यानं बोला."

"पतंग नवीन नाही. मी मंगळवारी शिरा तपासल्या. नर तपासले. हाच पतंग इब्रामपूरला आहे, सगळीकडं आहे. त्याच्या पंखावरचा तांबडा पट्टा त्याचा नाही, तो खाणीची धूळ आहे. ओळख माझी चुकली होती."

साहेबांचं पेन कागदावर चाललेलं ऐकू आलं.

मग ट्रकवाल्यांच्या बाजूनं आरोळी उठली. कोणीतरी झेंडूचा हार आणला होता, साहेबांसाठी असावा. तो एकानं मास्तरांच्या गळ्यात घातला. दोघांनी त्यांना खांद्यावर उचललं. "सरांनी खरा सांगल्यानी! सरांचो विजय असो!" त्या हलकल्लोळात मास्तरांना जयराम दिसला. तो ओरडत नव्हता. तोंड उघडं टाकून तो त्यांच्याकडं बघत होता.

"भाड्या!" पद्मावतीचा आवाज आला. "बोटां मोडल्यानी तर आमका विकलंस? माझ्या घोवाचो हात गेलो तो?"

तिनं फेकलेला दगड मास्तरांच्या कपाळावर लागला. ते खांद्यावरून खाली पडले, मोडलेल्या हातावरच. त्यानंतर त्यांना पायच दिसले. बाकडी मोडली, बाकड्यांचे पाय दांडे झाले. एका हवालदाराची टोपी तुडवली गेली. यशवंत नावाचा ट्रकवर राबणारा एक दोडामार्गचा माणूस कान धरून बसला होता आणि बोटांमधून रक्त येत होतं. कोणाची लाथ मास्तरांच्या बरगडीत बसली. ती कुठल्या बाजूची होती ते कळलं नाही. दोन्ही बाजूंना त्यांना लाथ मारायचं कारण होतं. साहेबांची जीप मागच्या फाटकातून निघून गेली.

अर्ध्या तासानं अंगणात मोडकी बाकडी आणि चपला उरल्या. मास्तर भिंतीला टेकून बसले होते. गळ्यातला हार चिरडून कॉलरला चिकटला होता. सगुण येऊन त्यांच्यासमोर उकिडवा बसला. मागं पद्मावती उभी राहिली, अजून एक दगड घेऊन.

"मारल्यानी म्हणान सांगलात?" सगुणनं विचारलं.

"नाय. मार बुधवारी खाल्लंय. माका मंगळवारीच कळलेला."

"मगे माका सांगूक येवक नाय?"

"बशीत चडलंय, आनी उतरलंय. धीर होवक नाय."

सगुण थुंकला. त्याचे डोळे तापानं लाल झाले होते. "मगे माझो हात कित्याक गेलो, मास्तर?"

माफी मागायला मास्तरांनी तोंड उघडलं, पण सगुणनं डावा हात वर केला.

"ऱ्हवा. मी पतंगापायी रस्त्यार बसलंय नाय. पाण्यापायी बसलंय. पतंग तुमी हाडलात, आनी आमी पाणी विसारलों. पाण्याचा पेपरात कोण छापता?" तो थोडा वेळ धापा टाकत राहिला. "सायबान लिवन घेतल्यान, पतंग सगळीकडे आसा. पाण्याचा सांगूची माझी पाळी येवकच नाय. तो परत येवक व्हयो. तवसर एकय ट्रक वर जाता नये."

"ह्येका सांगतां कित्याक?" पद्मावती म्हणाली. "आनी काय विकूक?"

"ह्येणी खोटा सांगला असता तर दोंगर वाचतो," सगुण म्हणाला, बायकोला की स्वतःला ते कळलं नाही. "आनी उद्या कोणी तपासला असता तर आमी सगळेच खोटे." मग तो भिंतीला धरून उठला. मास्तरांना त्यानं हात दिला नाही.

सोमवारी सकाळी खाणीच्या रस्त्यावर चाळीस माणसं बसली. शुक्रवारच्या आधी साठ तरी बसली असती. मास्तर येताना दिसले. दोघांनी मुद्दाम पाय पसरून जागा अडवली. कोणीतरी "पतंग इलो" म्हणालं आणि बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मास्तर त्यांच्यासमोरून चालत पुढच्या रांगेपर्यंत गेले आणि सगुणच्या उजव्या अंगाला, जिथं त्याला हात नव्हता, तिथं उभे राहिले. पद्मावती त्यांच्याकडं न बघता वीतभर सरकली. ते बसले.

वळणावरून इंजिनांचा आवाज आला. आज ट्रक पंधरा होते. मास्तरांना लघवीला जावंसं वाटलं, आणि त्यांनी खपच्या बांधलेला हात मांडीत दाबून धरला. पहिला ट्रक धूळ उडवत आला आणि त्यांच्या गुडघ्यांपासून हातभर अंतरावर थांबला. काचेमागं जयराम होता. त्यानं मास्तरांना पाहिलं. इंजिन त्यानं बंद केलं नाही.